घास अडकण्यापूर्वी



तोंडाचा कर्करोग भिवंडीत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तो दिसतो. गालाच्या आतला चट्टा आरशात दिसतो, न भरणारी जखम जिभेला लागते, तोंड दोन बोटांपुरतेच उघडते हे जेवताना घरातल्यांच्याही लक्षात येते. अन्ननलिकेचे तसे नाही. घशापासून जठरापर्यंत पाठीच्या कण्यालगत उतरणारी ही जेमतेम २५ सेंटिमीटरची नळी डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि ती फार सोशीक असते. तिचा मार्ग बराच अरुंद होईपर्यंत ती तक्रार करत नाही. मग आधी भाकरी अडकते, पुढे भात, पुढे पेज, आणि शेवटी पाणीही उतरत नाही. तोवर माणूस प्रत्येक घास पाण्याने ढकलायला शिकलेला असतो आणि पित्ताच्या गोळ्यांवर त्याने काही महिने काढलेले असतात. या नळीला जठर-आतड्यांसारखे बाहेरचे आवरण नाही, आणि तिच्या अस्तराखाली लगेचच लसीकावाहिन्यांचे जाळे सुरू होते. त्यामुळे घास अडकू लागतो तेव्हा रोग बहुधा लसीकाग्रंथींपर्यंत पोचलेला असतो. ग्लोबोकॅन या जागतिक कर्करोग आकडेवारीच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात या कर्करोगाचे सुमारे ७० हजार नवे रुग्ण आणि सुमारे ६६ हजार मृत्यू झाले. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की उशिराची किंमत कळते.

तरीही हा रोग एका रात्रीत होत नाही. अस्तरातल्या पेशी आधी आपली रचना सोडू लागतात. या अवस्थेला डॉक्टर डिस्प्लेझिया म्हणतात, आणि तिच्यापासून प्रत्यक्ष कर्करोगापर्यंत अनेकदा काही वर्षे जातात. या वर्षांत रुग्णाला काहीही होत नसते. पण दुर्बिणीतून, योग्य उजेडात, शिकलेल्या डोळ्यांनी पाहिले तर तो बदल दिसू शकतो, आणि दिसला तर पोट किंवा छाती न उघडता काढता येतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एंडोस्कोपीच्या प्रकाशात, भिंगात आणि पडद्यात झालेली प्रगती मुख्यतः याच बदलाला पकडण्यासाठी आहे. आजच्या व्याख्यानात मला एकच गोष्ट मांडायची आहे. हे प्रगत तंत्र आपल्यासारख्या कामगारांच्या शहराच्याही उपयोगाचे आहे, मात्र कुणाची अन्ननलिका पाहायची हे आधी ठरले पाहिजे. त्याचे उत्तर परदेशी पुस्तकात मिळणार नाही. ते आपल्याच लोकांच्या तोंडात आहे आणि आपण ते आजही तपासतो आहोत.

अन्ननलिकेच्या कर्करोगाचे मुख्य प्रकार दोन. पाश्चात्त्य देशांत प्रामुख्याने आढळणारा प्रकार नळीच्या खालच्या टोकाला होतो. जठरातले आम्ल वर्षानुवर्षे वर येत राहिले की तिथले मूळचे अस्तर बदलते आणि आतड्यासारखे अस्तर तयार होते. नॉर्मन बॅरेट या लंडनच्या शल्यविशारदाने १९५० साली या विषयावर लिहिले, म्हणून त्या बदलाला बॅरेटची अन्ननलिका म्हणतात. त्याच्यावर लक्ष कसे ठेवायचे याची तिकडे काटेकोर पद्धत आहे. बदललेल्या भागाची लांबी ठरावीक रीतीने मोजायची आणि दर दोन सेंटिमीटरला चारही बाजूंनी तुकडे काढून तपासायचे. एंडोस्कोपीच्या प्रगत प्रतिमातंत्रावरचे बरेचसे पाश्चात्त्य लेखन या एकाच अवस्थेभोवती फिरते. भारतात मात्र अन्ननलिकेच्या कर्करोगात दुसऱ्या प्रकाराचे, म्हणजे मूळ अस्तराच्याच चपट्या पेशींतून उगवणाऱ्या स्क्वॅमस कर्करोगाचे वर्चस्व आहे. तो बहुतेकदा नळीच्या मधल्या आणि खालच्या भागात होतो, आणि त्याची मुळे आम्लपित्तात शोधून सापडत नाहीत. तंबाखू, दारू, अतिगरम पेये, निकस आहार ही त्याची कारणे आहेत. त्यामुळे तिकडची निगराणीची पद्धत जशीच्या तशी इकडे आणली तर आपण चुकीच्या माणसाच्या चुकीच्या जागी फार महागडा उजेड पाडत बसू.

तंबाखू आणि हा कर्करोग यांचे नाते आपल्याच मुंबईत फार पूर्वी अभ्यासले गेले आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तिथे काम करणारे एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तंबाखू ओढणे व चघळणे आणि अन्नमार्गाच्या वरच्या भागातला कर्करोग यांच्या संबंधावर लेख लिहिला. १९६३ साली मुंबईत देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या उभारणीत पुढाकार घेणारे डॉ. डी. जे. जस्सावाला आणि देशपांडे यांनी १९७१ साली तंबाखू खाणाऱ्या व ओढणाऱ्या माणसांची जोखीम मोजली. त्यात तोंड, घसा, स्वरयंत्र यांच्या पंक्तीला अन्ननलिकाही होती. म्हणजे या चार जागा एकाच सवयीच्या वाटेवर येतात हे आपल्याला निदान अर्ध्या शतकापासून ठाऊक आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरताना आढळले, आणि त्यातले बहुतेक धूरविरहित तंबाखू वापरणारे होते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी खैनी, मावा, मिश्री आणि तपकीर घराघरांत आहेत. यंत्रमागाच्या कारखान्यात बारा तासांची पाळी असते, हवेत सुताचे तंतू उडत असतात, तिथे विडी पेटवणे धोक्याचे. तळहातावर मळलेली खैनी आणि टपरीवरचा उकळता चहा यांवर रात्रपाळी निघते. टाटा रुग्णालयातल्याच २००९ सालच्या एका अभ्यासात तंबाखू आणि दारूच्या जोडीला चहाही अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या जोखमीशी निगडित दिसला. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ६५ अंश सेल्सियसपेक्षा गरम पेये बहुधा कर्करोगकारक ठरवली. दोष चहापेक्षा त्याच्या तापमानाचा आहे. चहा बशीत ओतून निववून पिण्याची जुनी रीत त्या दृष्टीने शहाणपणाचीच होती.

आता प्रश्न असा की डिस्प्लेझिया सापडल्याने खरोखर भविष्य कळते का. याचे सर्वांत ठाम उत्तर चीनमधल्या लिनश्यान भागातून येते. जगात हा कर्करोग सर्वाधिक आढळणाऱ्या प्रदेशांपैकी तो एक. तिथे एंडोस्कोपी आणि बायोप्सी झालेल्या लोकांचा साडेतेरा वर्षे पाठपुरावा केला गेला आणि २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुरुवातीला अस्तर निरोगी असलेल्यांपैकी सुमारे ८ टक्के लोकांना त्या काळात कर्करोग झाला. सौम्य डिस्प्लेझिया असलेल्यांत हे प्रमाण २४ टक्के, मध्यम असलेल्यांत ५० टक्के आणि तीव्र असलेल्यांत ७४ टक्के होते. जोखमीची इतकी स्पष्ट चढण वैद्यकात क्वचित दिसते. तिच्यातून दोन गोष्टी निघतात. तीव्र बदल सापडला तर वाट पाहणे हा निष्काळजीपणा आहे. आणि सौम्य बदल सापडला तर लगेच कापाकापी करणेही तितकेच चूक आहे, कारण अशा शंभरांपैकी पाऊणशे लोकांना त्या साडेतेरा वर्षांत कर्करोग झालाच नाही. त्यांना शस्त्रक्रियेपेक्षा नियमित पाहणीची गरज असते. निगराणी या शब्दाचा खरा अर्थ हाच आहे.

पण पाहणी म्हणजे नेमके काय? इथे आपल्या शहराच्या यंत्रमाग व्यवसायाची मदत घेता येईल. ग्रे कापड तपासणारा माणूस ताग्याकडे लांबून नजर टाकून मोकळा होत नाही. तो कापड टेबलावरून हळूहळू ओढतो, उजेड अंगावर आणि आरपार घेतो, तेव्हा तुटलेला उभा धागा किंवा चुकलेला आडवा धागा दिसतो. साध्या पांढऱ्या प्रकाशातल्या एंडोस्कोपीत अस्तर सलग गुलाबी दिसते आणि सुरुवातीचा दोष त्या गुलाबी रंगात लपून जातो. तो उघड करण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे अस्तर रंगवणे. निरोगी चपट्या पेशींत ग्लायकोजेनचा साठा असतो आणि आयोडीन लागले की तो तपकिरी होतो. बिघडलेल्या पेशींत तो साठा उरलेला नसतो, म्हणून तपकिरी अस्तरात फिकट पिवळा ठिपका उमटतो, आणि दोन-तीन मिनिटांत तो गुलाबी पडला तर संशय बळावतो. हे आयोडीनचे द्रावण लुगोल या फ्रेंच वैद्याने १८२९ साली तयार केले होते. त्याची किंमत एंडोस्कोपीच्या इतर खर्चापुढे नगण्य आहे. त्याचे दोष आहेत: छातीत जळजळ होते, आयोडीनची ॲलर्जी असलेल्याला ते देता येत नाही, आणि सूज आलेला भागही फिकट दिसून फसवतो. दुसरा मार्ग प्रकाशच बदलण्याचा. नॅरो बँड इमेजिंग या पद्धतीत अस्तरावर फक्त निळ्या आणि हिरव्या रंगाच्या दोन अरुंद पट्ट्यांचा प्रकाश टाकतात, तरंगलांबी साधारण ४१५ आणि ५४० नॅनोमीटर. रक्तातले हिमोग्लोबिन नेमका हाच प्रकाश शोषते. त्यामुळे अस्तराच्या वरच्या थरातल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्या गडद उठून दिसतात आणि रोगट भाग तपकिरी डागासारखा वेगळा पडतो. त्यासाठी काही फवारावे लागत नाही, दुर्बिणीवरचे एक बटण दाबले की पुरे.

या बदललेल्या उजेडाने किती फरक पडतो, याचा जपानमध्ये झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. अन्ननलिकेचा स्क्वॅमस कर्करोग असलेल्या ३२० रुग्णांत दोन्ही प्रकाशांची तुलना केली गेली. अन्ननलिकेतले वरवरचे कर्करोग पांढऱ्या प्रकाशात ५५ टक्के सापडले, अरुंद पट्ट्यांच्या प्रकाशात ९७ टक्के. घशात आणि मानेच्या भागात तर पांढऱ्या प्रकाशाने शंभरातले जेमतेम आठ दाखवले. ज्या रुग्णांना आपण तपासून ठीक असल्याचे सांगतो, त्यांच्यातल्या किती जणांत प्रत्यक्षात काही राहून गेलेले असू शकते, याची कल्पना या आकड्यांवरून करावी. भिंग वाढवले तर आणखी पुढे जाता येते. अस्तराच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या वळ्यांचा आकार पाहून रोग किती खोल गेला आहे याचा अंदाज घेण्याची पद्धत जपानी डॉक्टरांनी, विशेषतः हारुहिरो इनोऊए यांनी विकसित केली. याला उपचारात मोठे महत्त्व आहे. रोग अस्तराच्या अगदी वरच्या थरांत असेल तर लसीकाग्रंथींत पसरण्याची शक्यता फार थोडी असते आणि दुर्बिणीतूनच तो थर सोलून काढता येतो. तो खालच्या थरात उतरला की ती शक्यता झपाट्याने वाढते आणि मोठी शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन यांचा विचार करावा लागतो. आता तर लेसरने जिवंत पेशीच पडद्यावर दाखवणारी कॉन्फोकल एंडोमायक्रोस्कोपी आणि अस्तराचा उभा छेद दाखवणारी प्रकाशीय टोमोग्राफीही आहे. त्या थक्क करणाऱ्या आहेत. पण त्यातली पहिली एका वेळी अगदी चिमुकला भाग दाखवते, दोन्ही महाग आहेत, आणि आधी कुठे पाहायचे हे ठाऊक असेल तरच त्यांचा उपयोग. आपल्या गरजेच्या यादीत त्या शेवटी येतात. लुगोलचे द्रावण आणि अरुंद पट्ट्यांचा प्रकाश पहिल्या दोन जागांवर येतात.

यंत्राच्या आधी मात्र वेळ आणि शिस्त येतात. अन्ननलिकेत लाळ, फेस आणि चहाचा अंश असेल तर जगातला उत्तम कॅमेराही आंधळा होतो. आधी औषधी पाण्याने अस्तर धुवावे लागते. दुर्बीण जठरात नेताना एकदा आणि बाहेर काढताना एकदा, असे सावकाश दोनदा पाहावे लागते. बॅरेटच्या रुग्णांवरच्या २०१२ सालच्या एका अभ्यासात, बदललेल्या अस्तराच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे एका मिनिटाहून अधिक वेळ देणाऱ्या डॉक्टरांना तीव्र डिस्प्लेझिया आणि कर्करोग अधिक सापडले. हे निरीक्षण बॅरेटचे असले तरी त्यामागचे तत्त्व सर्वत्र लागू आहे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तीन मिनिटांत उरकलेली एंडोस्कोपी कागदावर एंडोस्कोपी असते. निगराणी म्हणून तिची किंमत फार थोडी. म्हणून अहवालात अस्तर धुतले का, कोणत्या प्रकाशात पाहिले, किती वेळ पाहिले, कोणत्या ठिकाणची छायाचित्रे जतन केली आणि तुकडे दातांपासून किती सेंटिमीटरवरून काढले, हे लिहिण्याचा आग्रह धरला पाहिजे. पुढच्या वर्षी वेगळ्या डॉक्टरने पाहिले तरी जागा तीच सापडली पाहिजे. त्या नोंदीशिवाय दरवर्षीची तपासणी ही दरवर्षी नव्याने केलेली पहिली तपासणी ठरते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो: पाहायचे कुणाला? संपूर्ण शहराची एंडोस्कोपी करणे अशक्य आहे आणि ते योग्यही नाही. इथे एक जुना सिद्धांत कामाला येतो. १९५३ साली स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांत गाठीच्या आजूबाजूचे, वरून निरोगी दिसणारे अस्तरही बिघडलेले असल्याचे दाखवले. त्यांचे म्हणणे असे की कर्करोगकारक पदार्थ एका ठिपक्यावर काम करत नाही, तो सारे शेत बिघडवतो. तंबाखूचा रस तोंडात थांबतो आणि लाळेबरोबर गिळला जातो; त्याची वाट ओठांपासून जठरापर्यंत एकच आहे. म्हणून तोंडाचे अस्तर ही अन्ननलिकेकडे पाहण्याची खिडकी आहे. या खिडकीतून सर्वांची जोखीम सारखी दिसत नाही, हे मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. घशाच्या खालच्या भागाचा कर्करोग झालेल्यांत अन्ननलिकेत दुसरा कर्करोग होण्याची शक्यता सर्वाधिक असते. गालाच्या कर्करोगात ती त्यापेक्षा कमी, आणि तंबाखूला दारूची जोड असेल तर दोघांचा परिणाम गुणाकारासारखा वाढतो. माझ्या मते क्रम असा असावा: घसा, स्वरयंत्र किंवा तोंडाच्या कर्करोगाचे उपचार झालेले रुग्ण आधी, तंबाखू आणि दारू दोन्हींचे दीर्घ सेवन असलेले आणि तोंडात पांढरे-लाल चट्टे असलेले पन्नाशीपुढचे लोक त्यानंतर, आणि ज्यांच्या अस्तरात एकदा डिस्प्लेझिया सापडला आहे ते ठरावीक अंतराने कायम. ज्याचा घास आजच अडकतो आहे तो या यादीत येत नाही. त्याची तपासणी लगेच व्हायला हवी.

या मांडणीवर पहिला आक्षेप पैशांचा घेतला जाईल. जिथे पिण्याचे पाणी आणि क्षयरोगाची औषधे यांसाठी झगडावे लागते तिथे अरुंद पट्ट्यांच्या प्रकाशाची भाषा कशाला, हा पैसा तंबाखूमुक्तीवर का नको? तंबाखू सोडवणे हाच पहिला आणि सर्वांत मोठा उपाय आहे, याबद्दल माझा कुणाशी वाद नाही. पण आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या ज्या माणसाने वीस वर्षे खैनी खाल्ली, त्याच्या अस्तरातला बदल प्रतिबंधाच्या फलकाने मागे फिरत नाही. शिवाय निगराणी आणि व्यसनमुक्ती एकमेकींना धरून चालतात. जपानमध्ये दुर्बिणीतून अन्ननलिकेचा वरवरचा कर्करोग काढलेल्या ३३० रुग्णांचा पाठपुरावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. लुगोलने न रंगणारे ठिपके ज्यांच्यात अधिक होते त्यांना पुन्हा कर्करोग होण्याची शक्यता अधिक होती, आणि ज्यांनी दारू सोडली त्यांच्यात ती कमी झाली. आयोडीनचे ते ठिपके डॉक्टरांना धोका दाखवतात आणि रुग्णाला सवय सोडण्याचे कारण देतात. मात्र एक सावधगिरी. जपानी लोकांत दारू पचवण्याच्या एका विकराची आनुवंशिक उणीव सर्रास आढळते, आपल्याकडे ती विरळ आहे. म्हणून त्यांचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. दिशा घ्यावी, प्रमाण आपले आपण मोजावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो पुराव्याने घेतला जातो. ब्रिटनमध्ये बॅरेटच्या ३,४५३ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ साली आले. दर दोन वर्षांनी एंडोस्कोपी झालेले आणि फक्त तक्रार आल्यावर एंडोस्कोपी झालेले, या दोन गटांत बारा वर्षांहून अधिक पाठपुराव्यानंतरही आयुर्मानात फरक दिसला नाही. मग निगराणीचा खटाटोप कशासाठी? हा निष्कर्ष मी नाकारत नाही. उलट माझ्या म्हणण्याचा तो आधारच आहे. बॅरेटच्या साध्या रुग्णांत कर्करोगाचे प्रमाण फार कमी असते. डेन्मार्कमधल्या ११ हजार रुग्णांच्या २०११ सालच्या अभ्यासात ते वर्षाला ०.१२ टक्के इतकेच निघाले. जिथे रोगच इतका विरळ, तिथे सर्वांना सारख्या अंतराने तपासत राहिल्याने फारसे वाचत नाही. जिथे जोखीम दाट आहे तिथले चित्र वेगळे आहे. चीनच्या हबेई प्रांतातल्या सिश्यान भागात १४ गावांत लुगोलसह एकदाच एंडोस्कोपी केली गेली, १० गावे तुलनेसाठी ठेवली गेली. दहा वर्षांनंतर अन्ननलिकेच्या कर्करोगाने झालेले मृत्यू तपासणीच्या गावांत ३.३५ टक्के आणि तुलनेच्या गावांत ५.०५ टक्के होते. गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, ही त्या अभ्यासाची मर्यादा आहे. तरीही एकाच फेरीने मृत्यू एक-तृतीयांशाने कमी व्हावेत, ही दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नाही. तोंडाच्या तपासणीतही हेच दिसले आहे. तिरुवनंतपुरमच्या २००५ सालच्या चाचणीत डोळ्यांनी तोंड तपासण्याचा लाभ तंबाखू आणि दारूचे सेवन करणाऱ्यांनाच झाला; त्यांच्यातले मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले. म्हणजे फायदा तपासणीच्या संख्येने वाढत नाही, माणसांच्या निवडीने वाढतो.

तिसरा आक्षेप भीतीचा. निरुपद्रवी ठिपक्यासाठी माणसाला कर्करोगाच्या छायेत का ढकलायचे? हा धोका खरा आहे. लुगोलने न रंगणारा प्रत्येक ठिपका डिस्प्लेझिया नसतो, आणि सूज व डिस्प्लेझिया यांतला फरक सूक्ष्मदर्शकाखालीही कधी कधी अवघड जातो. म्हणून काही बंधने पाळली पाहिजेत. तुकड्याचा अहवाल आल्याशिवाय निदान सांगू नये. डिस्प्लेझियाचे निदान दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टने तपासल्याशिवाय उपचार ठरवू नये. सौम्य बदल असलेल्या माणसाला तो रोगी नाही, हे त्याच्या भाषेत, मग ती मराठी असो, उर्दू असो, भोजपुरी असो की तेलुगू, नीट समजावून सांगावे. अज्ञानात ठेवलेला माणूस घाबरतो तेव्हा बाबाबुवांकडे जातो. समजावून सांगितलेला माणूस पुढच्या तारखेला येतो.

चौथा आक्षेप भिवंडीचा खास आहे. इथला कामगार आज इथे, उद्या गावी. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण इथून आलेला माणूस सणाला गेला की महिन्या-दोन महिन्यांनी परत येईल की नाही, कारखाना चालू असेल की नाही, कुणी सांगावे? अशा माणसांची निगराणी होणार कशी? पण सिश्यानचा धडा नेमका इथेच उपयोगी पडतो: एकदाच, पण नीट केलेली तपासणीही मोलाची असते. शिवाय आपल्याच महाराष्ट्राने दाखवलेला पुरावा आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि टाटा रुग्णालयातल्या सहकाऱ्यांनी सुमारे दीड लाख महिलांमध्ये चाचणी घेतली. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक आम्ल, म्हणजे जवळजवळ व्हिनेगरच, लावून पांढरा पडणारा भाग शोधला, आणि त्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, १ लाख ३१ हजारांहून अधिक महिलांच्या चाचणीत एचपीव्ही या विषाणूच्या एकाच तपासणीने मृत्यू घटल्याचे २००९ साली दिसले. गर्भाशयमुख पाहायला एंडोस्कोप लागत नाही आणि अन्ननलिकेला लागतो, हा फरक मोठा आहे. पण रंग बदलून दोष पाहणे, घरोघरची यादी ठेवणे आणि सापडलेल्या व्यक्तीला उपचारापर्यंत सोबत करणे, ही तीन कामे तीच आहेत, आणि ती गरीब वस्तीत होऊ शकतात हे सिद्ध झाले आहे. स्थलांतरित कामगाराच्या खिशात मोबाइल असतो. त्याच्या हातात छायाचित्रांसह अहवाल असेल तर गोरखपूरचा किंवा करीमनगरचा डॉक्टरही पुढचे पाऊल टाकू शकतो.

शेवटचा आक्षेप उतावळ्या आशेचा आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली, ती पडद्यावरचा डाग स्वतःच दाखवेल, मग माणसे शिकवायची कशाला? संगणक खरोखरच वेगाने चांगला होत आहे आणि थकलेल्या डॉक्टरच्या शेजारी तो उत्तम सोबती ठरेल. पण स्क्वॅमस कर्करोगासाठीच्या या यंत्रणांपैकी बऱ्याचशा जपान आणि चीनमधल्या प्रतिमांवर शिकल्या आहेत, आणि न धुतलेले अस्तर किंवा घाईत सुटलेला कोपरा संगणकालाही दिसत नाही. दुसरी आशा दोरीला बांधलेल्या स्पंजची. कॅप्सूल गिळायची, ती जठरात उलगडते, मग दोरीने ओढून पेशी गोळा करायच्या. ब्रिटनमधल्या २०२० सालच्या चाचणीत या स्पंजमुळे बॅरेटची निदाने सुमारे दहा पटींनी वाढली, आणि इराणच्या गोलेस्तान भागात स्क्वॅमस बदलांसाठीही तो वापरून पाहिला गेला आहे. आपल्याकडे त्याची चाचणी जरूर व्हावी. मात्र स्पंजने कुणाकडे पाहायचे ते कळेल. पाहण्याचे काम उरतेच.

म्हणून भिवंडीसाठी माझी मागणी साधी आणि साध्य होण्यासारखी आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढच्या लोकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी ठरलेली आहे. अन्ननलिका त्यात नाही. ती वेगळी आणण्याची गरज नाही. तोंडाच्या तपासणीतच एक रकाना वाढवावा, आणि वर सांगितलेल्या क्रमात बसणाऱ्या व्यक्तींची यादी शहराच्या इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात ठेवावी. मुंबईच्या अध्यापन रुग्णालयांच्या मदतीने ठरावीक दिवशी सावकाश, लुगोल आणि बदलत्या प्रकाशासह एंडोस्कोपी व्हावी. तुकड्यांचे अहवाल दोन डोळ्यांच्या जोड्यांनी वाचावेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांना पैसा मिळतो. तो पैसा रोग लवकर शोधण्यासाठीही खर्ची पडावा असा आग्रह लोकप्रतिनिधींनी धरावा. कारखानदारांनी त्या एका दिवसाची मजुरी कापू नये. पाच वर्षे आकडे नीट ठेवले तर आपल्या लोकांची जोखीम किती, हे जपान किंवा चीनकडून उसने घ्यावे लागणार नाही.

श्रोत्यांमध्ये डॉक्टर आहेत, आशा सेविका आहेत, शिक्षक आहेत, कारखानदार आहेत. सर्वांना माझी एकच विनंती आहे. उद्या या शहरात ज्याच्या तोंडाची तपासणी होईल त्याला एक प्रश्न जास्तीचा विचारा: घास उतरताना कुठे अडखळतो का? तो हो म्हणाला तर त्याला त्याच आठवड्यात दुर्बिणीपर्यंत पोचवा. आणि तो नाही म्हणाला, पण वीस वर्षांची खैनी आणि गालातला चट्टा त्याच्यापाशी असेल, तर त्याचे नाव यादीत लिहा. त्याला वाचवता येण्याची वेळ हीच आहे.